अण्णा, सुटकेचा शब्द राहिला

अण्णा, तुम्ही गेल्याची बातमी मला ज्या अवस्थेत कळली ती तुम्ही पाहिली असती, तर आधी पोट धरून हसला असता आणि मग सगळ्या बॅचसमोर मला झापलं असतं. मी आडवा होतो. गळ्यात कॉलर, छातीवर पट्टा, कमरेवर पट्टा, मांड्यांवर पट्टा, घोट्यांवर पट्टा आणि कपाळावर चिकटपट्टी. कॉलेजच्या प्रॅक्टिकल हॉलच्या फरशीवर, आपल्या त्या पिवळ्या स्पाइन बोर्डावर, नव्या बॅचच्या सव्वीस पोरापोरींच्या मधोमध.

तुमचाच नियम होता तो. अपघातात मणका दुखावलेल्या माणसाला फळीवर कसं बांधायचं हे शिकवताना पहिल्या दिवशी मास्तरानं स्वतः बांधून घ्यायचं. पुतळे आपल्याकडे दोन होते, पण पुतळ्याला खाज सुटत नाही, असं तुमचं म्हणणं. "बांधलेल्या माणसाला काय हुतंय ते आधी मास्तरला ठावं पायजे." नऊ वर्षं दर नव्या बॅचला तुम्हीच पडलात. मी शेजारी हातात खडू घेऊन उभा. तुम्ही हात, मी फळा, अशी आपली वाटणीच होती.

त्या मंगळवारी सकाळी तुमचा फोन आला. "दाजी, आज मी येत न्हाई. आंग जरा जड हाय. आज तुमी पडा." आणि अण्णा, आता सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. नऊ वर्षांनी मधोमध पडायची पाळी माझी आली होती. मी घरून निघताना इस्त्रीचा शर्ट घातला. झोपायचंय त्याला इस्त्री कशाला, असं तुमच्या बहिणीनं, मंदानं, विचारलंही.

फळीवर पडायच्या आधी मी तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात म्हणालो. "पेशंट काहीही म्हणू दे. ओरडू दे, शिव्या देऊ दे, मी ठणठणीत आहे म्हणू दे. पट्टे सोडायचे नाहीत. तो पेशंट मी असलो तरी नाही." पोरांवर फार परिणाम झाला. मलाही बरं वाटलं. फक्त तुम्ही हे वाक्य म्हणण्याआधी तुमचं डोकं धरून बसलेल्या पोराच्या कानात एक शब्द सांगत होता, तो सांगायचं मी विसरलो. एका वर्षी 'रेवडी' होता, एका वर्षी 'बुटाची नाडी'. तो शब्द तुम्ही म्हणालात की सोडायचं, एरवी नाही. नऊ वर्षं डोळ्यांदेखत पाहिलं, आणि विसरलो. कारण ते कानात सांगितलेलं होतं, फळ्यावर लिहिलेलं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा तो माझ्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात, छातीच्या पट्ट्याखाली होता. मी म्हणालो, "सोडा रे, फोन आहे माझा." सगळे हसले. एक जण म्हणाला, "सर, पेशंट असंच म्हणतो." पुन्हा वाजला. मी आवाज चढवला. "अरे खरंच सोडा, घरचा असेल." डोक्याशी बसलेली पाथर्डीची कोमल माझ्या दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून अगदी शांतपणे म्हणाली, "सर, मान हलवू नका." शिकवलेलं इतकं मनावर घेणारी मुलगी मला आणखी एखाद्या दिवशी मिळायला हवी होती.

मला छत दिसत होतं आणि पंखा. पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे, हे नऊ वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक असणार. चौथ्यांदा वाजला तेव्हा कोमलला काय वाटलं कोण जाणे, तिनं शेजारच्या मुलाला खुणावलं, त्यानं पट्ट्याखाली दोन बोटं घालून फोन ओढला आणि स्पीकर लावून तिच्या तोंडाशी धरला. तिचे हात माझ्या डोक्याला गुंतलेले होते ना.

"काकू, मी कोमल बोलते. सरांना बांधलेलं आहे."

पलीकडून मंदाचा आवाज आला.

"मग त्यांच्या कानाला लाव."

मंदा चारचौघांत कशी 'आहे, नाही' असं बोलते ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला त्यावरून चिडवायचात, मंदी पुण्याची झाली म्हणून. जीव घाबरा झाला की मात्र तिच्या तोंडी माहेर येतं.

"अहो," ती म्हणाली, "अण्णा गेला. मी डबा घेऊन आले तर खुर्चीत हुता. मी खाली घेतलं, लई दाबलं. तुमी शिकवलेली पोरं गाडी घेऊन आली, त्यांनीबी दाबलं. न्हाई आला."

सव्वीस जणांनी ऐकलं. मी उठायचा प्रयत्न केला आणि फळीसकट हललो. मग पोरांची घाई झाली. बकलं निघेनात. कोमल तेवढी हलली नाही. सगळे पट्टे सुटेपर्यंत डोकं धरणाऱ्यानं डोकं सोडायचं नाही, हे तिला सकाळीच शिकवलेलं होतं. आडव्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी कानात जातं, अण्णा. ते तिच्या तळव्यांना लागलं असणार. तिनं तळवे काढले नाहीत.

*

मी तुमच्याकडे कसा आलो ते आता मंदाशिवाय कुणाला आठवणार नाही. मी ज्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो तिथली तुकडी बंद पडली. तुम्ही तेव्हा लष्कराच्या दवाखान्यातली वीस-बावीस वर्षांची नोकरी संपवून भिंगारला घर करून राहिला होता आणि या पॅरामेडिकच्या कोर्सला शिकवायला नुकतेच लागला होता. तुम्ही घरी आलात, चहाची बशी तोंडाला लावली आणि म्हणालात, "दाजी, तुमाला हाडांची नावं पाठ हायती. मला हाडं धरता येत्यात. दोघं मिळून एक मास्तर हुतो." मी हो म्हणालो. बायकोच्या थोरल्या भावाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि माझी तर तेव्हा परिस्थितीही नव्हती.

पहिल्याच महिन्यात पोरांबरोबर मलाही अँब्युलन्सच्या गाडीवर पाठवलं गेलं. मनमाड रस्त्यावर मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली होती. त्या माणसाच्या पायाकडे मी पाहिलं. त्या हाडाचं नाव मला येत होतं. ते हाड असं बाहेरून मात्र कधी पाहिलं नव्हतं. मी ट्रॉलीला टेकलो, आणि पुढचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा गाडीत होतो. जखमी स्ट्रेचरवर, मी बाजूच्या बाकावर, आणि तो पाय मोडलेला माणूस मान वळवून तुम्हाला विचारत होता, "यांना काय झालं हो?"

"शुगर कमी झाली त्यांची," तुम्ही म्हणालात.

कॉलेजात तुम्ही तेच सांगितलं. पोरांना तेच. मंदालाही तेच, वर तिला बजावलं, "तुझ्या नवऱ्याला सकाळचं लिंबाचं सरबत देत जा." मला शुगर कमी व्हायचा कसलाही आजार नाही. नऊ वर्षं मी रोज सकाळी, थंडीतसुद्धा, ते सरबत प्यालो आहे. एकदाही तुम्ही ती गोष्ट कुणासमोर काढली नाही. जेवणात नाही, लग्नात नाही, माझ्यावर रागावला असतानाही नाही. गाडीवर पुन्हा मला कधी पाठवलं नाही. "सर फळ्यावर लई भारी," एवढंच म्हणायचात. मास्तरकीत उभं राहायला मला जागा तुम्ही करून दिली, ती तशी झाकून करून दिली.

पुढे त्याच्या बदल्यात काय मागाल ते मला ठाऊक नव्हतं.

*

तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यातला तो सोमवार. मी जुन्या बॅचला हार्ट अटॅकची लक्षणं शिकवून संपवलं होतं. पोरं खाली गेली होती. फळ्यावर माझ्या अक्षरात सगळं होतं. घाम. दम लागणं. जळजळ. डावा हात, जबडा. आणि शेवटी चौकटीत, 'मधुमेह असेल तर छातीत दुखेलच असे नाही.' ती चौकट मी दरवर्षी रंगीत खडूनं करतो.

तुम्ही पोरांबरोबर स्ट्रेचर घेऊन तीनदा जिना चढून उतरून आला होता. पहिल्या बाकावर बसलात. थंडीचे दिवस, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. मूठ छातीच्या मधोमध.

"काय होतंय?"

"मिसळ," तुम्ही म्हणालात. "सकाळची मिसळ लई तिखट हुती."

"अण्णा, चला. ईसीजी काढून येऊ."

"बारा दिसांनी पोरांची परीक्षा हाय. ती झाली की जाऊ. तुमी मला घेऊन चला, मी गुमान बसतो गाडीत. मग तर झालं?"

"बारा दिवस?"

"आन् त्या फळ्याकडं काय सारखं बघताय? पुसा तो."

मी फळा पुसला, अण्णा.

इतक्या दिवसांत मी हे वाक्य मनात बऱ्याच प्रकारांनी फिरवून पाहिलं. तुम्ही सांगितलंत म्हणून पुसला. पुढचा तास होता म्हणून पुसला. हातात डस्टर होतंच म्हणून पुसला. कुठूनही गेलं तरी तिथंच येतं. नऊ वर्षं जे लिहायला मी पगार घेतला, ते ज्या एका माणसाला वाचून दाखवायची वेळ आली त्याच्यासमोर ते मी पुसलं. चौकटीसकट.

मग तुम्ही पाणी प्यालात, चेहरा जरा उतरल्यासारखा वाटत होता तो सावरला, आणि म्हणालात, "मंदीला यातलं काई सांगायचं न्हाई."

"हे नाही जमणार मला."

"का न्हाई? नऊ वर्सं मी तुमची शुगर संभाळली. तुमी माझी मिसळ बारा दिस संभाळा."

हसत होता तुम्ही. मीही हसलो. माझं तोंड बंद करायला तुम्हाला तेवढं पुरलं. शिवाय मागचा अनुभव होताच. दोन वर्षांपूर्वी तुमचा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट मी मंदाला सांगितला, तेव्हा ती रडत रडत भिंगारला गेली, तुमच्या घरातला साखरेचा डबा उचलून आणला आणि महिनाभर तुम्हाला बिनसाखरेचा चहा स्वतः समोर बसून पाजला. तुम्ही तीन आठवडे माझ्याशी बोलला नव्हता. स्टाफरूममध्ये समोर बसून शिपायाकडून निरोप पाठवायचात मला. "सरांना सांग, खिडकी लावा."

पण त्या सोमवारी एक प्रश्न मी विचारला होता, त्याचं उत्तर तुम्ही नीट दिलं नाहीत. तो वाद तसाच राहिला आहे. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही पोरांना काय शिकवता? फळीवरच्या माणसाला 'काही झालेलं नाही' म्हणायचं नाही. त्याला कळतं, आणि मग तो आपल्या कशावरच विश्वास ठेवत नाही. मग मंदाशी हे असं?"

तुम्ही म्हणालात, "मंदी काय पेशंट हाय का?"

तेवढ्यात पोरं वर आली आणि मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. पेशंट ती नव्हती. पण तुम्ही तिचे डोळे बांधले, अण्णा, आणि गाठ घट्ट बसावी म्हणून वर बोट माझं ठेवून घेतलंत. ते बोट मला आठ दिवस काढता आलं नाही. मंदा रोज संध्याकाळी विचारायची, "अण्णा आज जेवला का नीट?" मी म्हणायचो, "दोन पोळ्या जास्त." मी सांगितलेल्या पोळ्या खऱ्या असत्या तर तुमचं वजन वाढलं असतं त्या आठवड्यात. मंगळवारी सकाळी 'आंग जड हाय' म्हणालात तेव्हाही मी ऐकलं, आणि शर्टाला इस्त्री केली.

राग येतो तुमचा. हे लिहायला नको, पण तुमच्याशीच बोलतोय तर कुणाला लपवू? तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या मोकळे झालात, आणि मला असं बांधून ठेवलंत की त्यातून निघायचा शब्द कुठला, तो कुणाच्या कानात सांगितला तेही सांगून गेला नाहीत.

*

त्या दिवशी गाडीवर आलेला मुलगा तुमच्या तिसऱ्या बॅचचा होता. तो दहाव्याला येऊन माझ्या पाया पडला. मंदानं मला सांगितलं ते असं, की त्यानं तिला हळूच बाजूला घेतलं, तिच्या हातांच्या जागी स्वतःचे हात ठेवले आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मराठीत. तीसपर्यंत. "मला वाटलं अण्णाच मोजतोय," ती म्हणाली.

तुम्ही त्यावरूनही माझ्याशी भांडला होता. मी म्हणायचो, पुस्तक इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, मग पोरांनी आकडेही इंग्रजीत मोजावेत. तुमचं म्हणणं, माणूस घाबरला की शिकलेली भाषा आधी पळते, आईची मागं राहते. "शेवगावचं पोरगं भ्यालं की त्याला ट्वेंटी-सेव्हनच्या फुडं काय ते आठवायचं न्हाई. सत्तावीसच्या फुडं आठवल." त्या वादात तुम्ही जिंकलात, हे कबूल करतो. फक्त तो मुलगा ज्याच्यावर मोजत होता तो माणूस तुम्ही असाल, हे आपल्यापैकी कुणाच्या हिशेबात नव्हतं.

आणि मंदाला छाती दाबायला शिकवलंत तेही तुम्हीच. चार-पाच दिवाळ्यांपूर्वी, आमच्या बैठकीत, लोडावर. ती हसून हसून लोळत होती आणि तुम्ही तिच्या कोपरावर टिचक्या मारत होता. "कोपर सरळ. पुरण वाटायला बसलीस का?" भिंगारच्या त्या घरात ती एकटी होती तोवर तिनं कोपर सरळ ठेवलं होतं. माझ्याकडे बघून ती मुद्दाम म्हणाली, "कोपर सरळ होतं हो माझं." जणू मी गुण देणार होतो.

ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, माझं काही चुकलं का, उशीर झाला का, आधी डबा ठेवला नसता तर? आणि मी, ज्याला माहीत होतं की चुकलं कुणाचं, तो म्हणत राहिलो, "नाही गं. तुझं काही चुकलं नाही." ते खरं होतं. एवढं खरं वाक्य मी इतक्या खोटेपणानं कधी बोललो नव्हतो.

दहावा प्रवरासंगमला झाला. तुमचं सगळं गावच आलं होतं. नात्यागोत्यात मी 'दवाखान्यातला' माणूस. आपण दवाखान्यात नसतो, कॉलेजात असतो, हे तुम्हीही कुणाला पटवू शकला नाहीत. त्यामुळे जो तो मलाच विचारत होता, "सर, आधी काई तरास न्हवता व्हय?" मी म्हणत होतो, "नाही हो. एकदम ठणठणीत होते." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. पाचव्या-सहाव्या वेळी वाक्य इतकं गुळगुळीत निघायला लागलं की माझं मलाच खरं वाटलं. मंदा प्रत्येक वेळी शेजारीच होती. एकदा तर तिनंच माझ्या वतीनं सांगितलं, "नाही मामा, काहीच नव्हतं. हे रोज बरोबर असायचे ना त्याच्या. यांना कळलं असतंच की."

यांना कळलं असतंच की. प्रवचन सुरू झालं. मी दोन तास मांडी घालून बसलो होतो, पण त्यात तुमच्याबद्दल काय सांगितलं ते मला विचारू नका.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठता येईना. पाठ धरली. फळीवर तास-दीड तास, मग प्रवचनात मांडी, आणि मधल्या दिवसांतली धावपळ, असं काही तरी कारण असेल. डॉक्टरांनी तीन दिवस कडक बिछान्यावर उताणं पडून राहायला सांगितलं. मान वळवली तरी कळ कमरेपर्यंत जायची. मंदानं दिवाणावरची गादी काढली, सतरंजी टाकली आणि मला तिथं निजवलं. पुन्हा छत, पुन्हा पंखा. आमच्या पंख्याची पाती सरळ आहेत. यामागं तुमचा हात असणार, असं मला वाटल्यावाचून राहिलं नाही.

प्राचार्यांचा फोन आला, बरं वाटलं की नव्या बॅचचं ते प्रॅक्टिकल पुरं करा, पोरं अर्ध्यावर थांबलीत. म्हणजे पुन्हा पडायचं. तुमचे तासही आता मलाच. मी ज्याला एकदा हो म्हणालो त्यातून काही बाहेर पडत नाही असं दिसतंय.

दुपारी मंदा चहा घेऊन आली. बशीत ओतून मला पाजत होती. माझ्या मनात आलं, आता नाही तर पुढच्या वर्षी तुमच्या वर्षश्राद्धालाही मी 'ठणठणीत' म्हणत असेन. पण एकदम ते तोंडातून निघेना. तुम्ही मला ओळखता. मी लहान गोष्टीपासून सुरुवात केली.

"मंदा, मला शुगर कमी व्हायचा आजार नाही."

तिनं बशी थांबवली. मी मनमाड रस्ता सांगितला. ट्रॉली सांगितली, बाक सांगितलं, पाय मोडलेला माणूस माझी चौकशी करत होता ते सांगितलं. आणि ती हसली, अण्णा. मंगळवारनंतर पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "म्हणजे नऊ वर्षं मी लिंबं पिळतेय," म्हणाली. "आणि अण्णा दर वेळी विचारायचा, सरबत चालू आहे ना."

तिथं थांबलो असतो तर चाललं असतं. तुम्ही थांबला असता.

मी पुढचं सांगितलं. सोमवार, जिना, घाम, मूठ. तुम्ही काय म्हणालात आणि मी काय म्हणालो. बारा दिवस. फळा पुसला तेही सांगितलं. मंगळवारच्या सकाळचा फोनही सांगितला. तिच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, ते तिथंच राहून हळूहळू वेगळं झालं. मला पाहायचं नव्हतं, पण मान वळवता येत नव्हती.

ती उठली. बशी उचलली आणि आत गेली. मी हाक मारली, ओ आली नाही. उठायला गेलो, कळ आली, तसाच परत पडलो. आतून मोरीतल्या नळाचा आवाज येत होता. एक कप आणि एक बशी धुवायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ तो नळ चालू होता. मग बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. मला वाटलं मागच्या दारानं ती निघाली, भिंगारला. तुमच्या घराची किल्ली तिच्याकडेच असते.

बोर्डावर मला तुमचा आणखी एक नियम आठवला नव्हता, तो तेव्हा आठवला. तुम्ही पोरांना सांगायचात, बांधलेल्या माणसाला एकट्याला ठेवायचं नाही. त्याचे पट्टे सोडता येत नसतील, नका सोडू. त्याला बरं वाटेल असं खोटं बोलू नका. पण एकानं डोक्याशी बसायचं आणि एवढंच म्हणायचं, मी हाय इथं. मंदा तुमच्या वर्गात कधी बसली नाही. तिला हे ठाऊक असायचं काही कारण नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. उन्हाची तिरीप दिवाणावरून खाली फरशीवर उतरली होती. पावलं वाजली. तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि माझ्या डोक्यामागं ठेवलं. ती बसली. मला ती दिसत नव्हती, पंखा दिसत होता.

"माफ-बिफ मला आत्ता जमायचं न्हाई," ती म्हणाली. "फुडं जमंल का, तेबी सांगता यायचं न्हाई."

मी उठायची धडपड केली, तर तिचा ओला हात माझ्या कपाळावर आला.

"उठू नका. मी हाय इथं."